रोज सतरा सेकंद पुढे

बारावी बोर्डाच्या परीक्षेत सुपरव्हिजन करताना आम्हा शिक्षकांनाही मोबाईल बाहेर ठेवावा लागतो. वर्गात भिंतीवर घड्याळ असेलच असं नाही, आणि असलं तर चालू असेल असंही नाही. २०१७ च्या फेब्रुवारीत मला जो वर्ग मिळाला होता, त्यात ते नव्हतंच. ११ ते २ चा पेपर. साडेबाराच्या सुमाराला पहिल्या बाकावरच्या मुलीनं मान वर केली आणि विचारलं, "मॅडम, किती वाजले?" मी मनगटाकडे पाहिलं. सेकंदकाटा जागच्या जागी थरथरत होता. पुढे उडी मारायला जायचा आणि तिथंच परत यायचा. सेल संपला होता.

दारात जाऊन शेजारच्या वर्गातल्या सरांना वेळ विचारली आणि फळ्यावर लिहिली. उरलेला दीड तास दर पंधरा मिनिटांनी हेच केलं. मुलं पेपर लिहिता लिहिता फळ्याकडे बघत होती, आणि त्यांच्यासाठी वेळ सांभाळणं हे माझं काम असताना ती माझ्याकडे नव्हती. ही गोष्ट मला फार लागली.

संध्याकाळी सांगलीच्या हरभट रोडवर आमचे घड्याळवाले काका बसतात त्यांच्याकडे गेले. काकांचं दुकान म्हणजे एक काचेचं टेबल, वर दिवा, डोळ्याला लावायचं भिंग आणि मागे भिंतीवर वेगवेगळ्या वेळा दाखवणारी पंधरा-वीस घड्याळं. त्यांनी दोन मिनिटांत सेल बदलून दिला. मी सहज म्हटलं, "काका, सेल न लागणारं एखादं असतं का हो?" ते म्हणाले, "असतं की. चावीचं असतं, ऑटोमॅटिक असतं. पण मॅडम, ते घ्यायचं तर त्याच्याकडे बघावं लागतंय. सेलच्या घड्याळासारखं विसरून चालत नाही." हे वाक्य तेव्हा मी नीट ऐकलं नाही.

घरी येऊन ऑनलाइन शोधलं आणि अठराशे रुपयांना एक जुनं ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीनं आपोआप चावी बसणारं, मागवलं. भडक नारिंगी तबकडी, चकचकीत केस, फोटोत अगदी नवंकोरं. हातात आलं तेव्हा छान वाटलं, पण दिवसभर घातलं तरी रात्री सहा तासांत बंद पडायचं. काकांनी मागचं झाकण उघडलं, भिंगातून पाहिलं आणि मलाही पाहायला दिलं. तबकडी नव्यानं रंगवलेली होती आणि त्यावरच्या अक्षरांच्या कडा पसरलेल्या होत्या. काटे दुसऱ्याच घड्याळाचे. केस इतकी घासलेली की तिच्या कडा गोल झालेल्या. मशीनमध्ये दोन-तीन जुन्या घड्याळांचे भाग एकत्र केलेले. अशी घड्याळं मुंबईत मोठ्या प्रमाणावर तयार होतात आणि जगभर विकली जातात. परदेशातले संग्राहक त्यांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात. ती बनवणाऱ्यांच्या हातात कसब असतं यात शंका नाही. बंद पडलेल्या चार घड्याळांतून एक चालतं करणं सोपं नाही. पण जुनं घड्याळ म्हणून ते विकणं ही फसवणूक आहे, आणि विकणाऱ्यानं माझ्या एकाही निरोपाला उत्तर दिलं नाही.

काका म्हणाले, "नवीन घ्या. साधं घ्या. सीको ५ घ्या."

तर घेतलं. एस-एन-के ८०९ नावाचं मॉडेल, काळी तबकडी, कापडी पट्टा, आठ हजारांच्या थोडं आत. केसचा व्यास ३७ मिलिमीटर, म्हणजे हल्लीच्या पुरुषांच्या घड्याळांत लहानच. माझ्या मनगटाला मात्र ते बरोबर बसलं. बायकांसाठी म्हणून जी घड्याळं दुकानात मांडलेली असतात त्यांत ऑटोमॅटिक जवळपास नसतंच, असतं ते खड्यांनी मढवलेलं. मला आकडे ठळक दिसणारं, खडूच्या धुळीत वापरता येणारं घड्याळ हवं होतं.

सीको या जपानी कंपनीची सीको ५ ही मालिका १९६३ पासूनची आहे. नावातला पाच म्हणजे पाच गोष्टींचं आश्वासन: आपोआप चावी बसणं, पाण्यापासून बचाव, वार आणि तारीख एकाच खिडकीत, चारच्या आकड्याजवळ आत दडवलेली चावी, आणि टिकाऊ केस-पट्टा. माझ्या घड्याळात ७एस२६ नावाचं मशीन आहे, १९९६ पासूनचं. २१ ज्वेल, म्हणजे घर्षण कमी करायला चाकांच्या टोकांशी बसवलेले २१ कृत्रिम माणकांचे खडे. मागचं झाकण पारदर्शक. पहिल्या रात्री मी तासभर ते उलटं धरून बसले होते.

पहिलाच धक्का असा, की या मशीनला हातानं चावी देता येत नाही. चावी फिरवली तर काहीच होत नाही. घड्याळ आडवं धरून हलकेच डावी-उजवीकडे झुलवायचं, म्हणजे आतलं अर्धवर्तुळाकार वजन, रोटर, गरगर फिरतं आणि स्प्रिंग आवळली जाते. तीसेक वेळा झुलवलं की सेकंदकाटा निघतो. पुढचं काम आपल्या हाताच्या हालचालीनं व्हायचं. दुसरी गोष्ट, वेळ लावायला चावी बाहेर ओढली तरी सेकंदकाटा थांबत नाही. रेडिओच्या ठोक्याशी सेकंद जुळवायचा असेल तर चावी ओढून काटे किंचित उलटे रेटून धरायचे. मग सेकंदकाटा अडखळतो, आणि हात सोडला की पुन्हा चालू होतो. हा अधिकृत उपाय नाही, पण हलक्या हातानं केला तर चालतो. तिसरी गोष्ट मात्र काकांनी बजावून सांगितली: रात्री ९ ते पहाटे ४ या वेळात तारीख चावीनं बदलायची नाही. त्या वेळी आतली चाकं तारखेच्या चकतीत आधीच गुंतलेली असतात, जबरदस्ती केली तर दात तुटतो. बंद पडलेलं घड्याळ रात्रीच्या वेळेवर थांबलंय की दिवसाच्या, हे तबकडीवरून कळत नाही. म्हणून आधी काटे पुढे फिरवत तारीख बदलू द्यायची, तिथून सकाळपर्यंत यायचं आणि मग तारीख लावायची. आता हे सगळं माझ्या बोटांना पाठ आहे.

मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते, त्यामुळे पुढचं आपसूकच झालं. एका जुन्या प्रयोगवहीच्या मागच्या पानांवर तक्ता आखला. रोज सकाळी सात वाजता मोबाईलच्या वेळेशी तुलना करायची आणि किती सेकंद पुढे किंवा मागे ते लिहायचं. तीन आठवडे लिहिलं. सरासरी आली दिवसाला १७ सेकंद पुढे.

सेलच्या घड्याळाची सवय असलेल्या माणसाला हा आकडा वाईट वाटतो. सेलच्या घड्याळात क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि महिन्याकाठी फरक पडतो तो काही सेकंदांचाच. माझ्या घड्याळाचे ठोके सेकंदाला ६, तासाला २१,६००. पण दिवसात ८६,४०० सेकंद असतात. त्यांत १७ ची चूक म्हणजे शेकडा ०.०२. आमच्या प्रयोगशाळेत साध्या लंबकावरून गुरुत्वत्वरण काढताना ९.८ च्या जागी ९.६ आलं तर मी वहीवर बरोबरची खूण करते. ती चूक शेकडा दोन, म्हणजे याच्या शंभरपट. आणि इथं एक स्प्रिंग, एक चाक आणि काही दाते, कुठंही वीज नाही, उन्हात-थंडीत, स्कूटीवर, खडूच्या धुळीत हातावर हेलकावे खात ही अचूकता राखतात. मी वहीतल्या त्या आकड्यापुढे कौतुकानं उद्गारचिन्ह काढलं होतं, ते अजून आहे.

तक्त्यात आणखी एक गोष्ट दिसली. रात्री घड्याळ काढून तबकडी वर करून ठेवलं तर सकाळी ते आणखी पुढे गेलेलं असायचं. चावीची बाजू खाली करून उभं ठेवलं तर रात्रीत उलट दोन-तीन सेकंद मागे यायचं. म्हणजे ते आडवं आहे की उभं यावर त्याची चाल बदलते. आतलं पुढे-मागे झुलणारं चाक उभं असताना त्याच्या धुरीचं घर्षण वेगळं, आणि चाकाचा तोल जरासा जरी एका बाजूला कललेला असला तर गुरुत्वाकर्षण त्यात लुडबुड करतं. मग मी ते औषधासारखं वापरायला लागले. आठवडाभर पुढे गेलं की दोन-तीन रात्री चावी खाली. चाल सुधारायला घड्याळ उघडावंच लागतं असं नाही, हे कळलं तेव्हा झालेला आनंद मला कुणाला सांगता येईना. शेवटी वर्गात सांगितला.

बारावीला दोलनांचा धडा आहे. त्यात पिळाचा लंबक येतो: तारेला टांगलेली चकती, पिळून सोडली की पुढे-मागे फिरते. मुलं सूत्र पाठ करतात आणि विसरतात. मी घड्याळ काढलं, उलटं केलं, प्रयोगशाळेतलं भिंग दिलं आणि म्हटलं, बघा, हाच तो लंबक. सोनेरी चाक, त्याला केसाइतकी बारीक सर्पिल स्प्रिंग, आणि ते चाक एकदा इकडे एकदा तिकडे फिरतंय. १६७५ मध्ये हॉलंडच्या क्रिस्तियान हायगेन्सनं ही सर्पिल स्प्रिंगची युक्ती प्रसिद्ध केली आणि इंग्लंडच्या रॉबर्ट हूकनं ती आपली आधीची असल्याचा दावा केला. हूक म्हणजे स्प्रिंगच्या नियमाचा तोच हूक, जो मुलं अकरावीत शिकतात. चाक कमी फिरलं काय किंवा जास्त फिरलं काय, एका फेरीला लागणारा वेळ जवळजवळ तोच. हे वाक्य पुस्तकात असतंच, पण ते डोळ्यासमोर सेकंदाला सहा ठोक्यांनी चाललेलं पाहिल्यावर शेवटच्या बाकावरची दोन पोरंही उठून पुढे आली. साठ मुलांनी रांगेनं पाहिलं. त्या दिवशी पुढचा विषय झालाच नाही.

मशीन कसं चावी घेतं हेही मला तेव्हाच नीट समजलं, कारण मुलांनी विचारलं, "मॅडम, रोटर उलटा फिरला तर स्प्रिंग सुटत नाही का?" नाही सुटत. रोटरला जोडलेल्या एका दोन पायांच्या छोट्या आकड्यामुळे रोटर कुठल्याही बाजूला फिरला तरी दातेरी चाक एकाच दिशेनं पुढे ढकललं जातं: एक पाय ढकलतो, दुसरा ओढतो. सीकोनं हा भाग १९५९ मध्ये आणला आणि त्याचं नाव 'मॅजिक लिव्हर' ठेवलं. दिसायला अगदी साधा आहे. स्वस्त घड्याळात ऑटोमॅटिक परवडतं त्यामागे अशा साध्या, थोडक्या भागांच्या युक्त्या आहेत, आणि मला त्यांचं मोल महागड्या कोरीवकामापेक्षा जास्त वाटतं.

आता न चालण्याबद्दल. हे घड्याळ पूर्ण भरलेलं असेल तर काढून ठेवल्यावर चाळीस-एक्केचाळीस तास चालतं. शनिवारी दुपारी दोनला कॉलेज सुटलं आणि मी ते काढून ठेवलं, तर हिशेबानं सोमवारी सकाळी सहा-सातपर्यंत चालायला हवं. पण पूर्ण भरलेलं असतं कुठे? कित्येक सोमवारी ते रविवारी रात्री दहा-साडेदहाला थांबलेलं सापडायचं, आणि सकाळच्या घाईत डबा भरता भरता वेळ, वार, तारीख लावायची. माझ्या लक्षात आलं की मी डाव्या हातावर घड्याळ घालते आणि फळ्यावर उजव्या हातानं लिहिते. डावा हात बहुतेक वेळ पुस्तक धरून स्थिर असतो. आठवडाभर उजव्या हातावर घालून पाहिलं. भरायचं झकास, पण फळ्याच्या कडेवर, बेसिनवर, दाराच्या कडीवर आपटायला लागलं. परत डाव्या हातावर.

मग कशानं भरतं? चालण्यानं. संध्याकाळी आमराईत चार-पाच फेऱ्या मारल्या की दुसऱ्या दिवसाची चिंता नाही. स्कूटीनं फारसं नाही. भाजी निवडण्यानं नाही. कणीक मळताना मी ते काढूनच ठेवते. कपडे वाळत घालण्यानं चांगलं भरतं, कारण हात वर-खाली होतो. २०२० मध्ये ऑनलाइन वर्ग सुरू झाले तेव्हा दिवसभर खुर्चीत बसून शिकवायचे. घड्याळ हातावर असूनही पहाटे बंद पडायचं. असं चार-पाच वेळा झाल्यावर मी गच्चीत चालायला सुरुवात केली. डॉक्टरांनी हेच तीन वर्षं सांगितलं होतं, ते घड्याळ थांबल्यावर ऐकलं. खरं तर त्या महिन्यांत माझ्या अंगाची हालचाल किती कमी झाली आहे हे दुसऱ्या कुठल्याच वस्तूनं मला असं रोखठोक दाखवलं नव्हतं.

त्याच्या उलट २०१९ चा ऑगस्ट. कृष्णेला महापूर आला, हरभट रोडसकट अर्धी सांगली पाण्यात होती. आम्ही तळमजल्यावरचं सामान वर चढवलं, मग तेही सोडून मिरजेला मावशीकडे गेलो. ते आठ-नऊ दिवस वीज कधी होती कधी नव्हती, मोबाईल कधी चालू कधी बंद. घड्याळ एकदाही थांबलं नाही. दिवसभर हात काहीतरी उचलतच होते. रात्री अंधारात काट्यांवरचा हिरवा रंग पहाटेपर्यंत मंद दिसायचा आणि कानाजवळ धरलं तर ठोके ऐकू यायचे. मावशीकडे एका खोलीत आम्ही सात जण झोपत होतो. त्या आवाजानं मला झोप लागायची. कमरेएवढ्या पाण्यातून घरी परतताना मात्र घड्याळ काढून पिशवीत गुंडाळलं होतं. मागे '३० मीटर' सुचवणारी पाण्यापासून बचावाची जी खूण असते ती हात धुताना उडणाऱ्या पाण्यापुरती, फार तर पावसापुरती. तो आकडा प्रयोगशाळेत दिलेल्या स्थिर दाबाचा असतो, पोहायचा नव्हे. काकांच्या दुकानात छताला टेकेल इतकं पाणी होतं. पूर चढतोय हे बघून त्यांनी पहिल्यांदा गिऱ्हाइकांची घड्याळं डब्यात भरून घरी नेली, मग हत्यारं. काचेचं टेबल तेवढं गेलं. महिनाभरानं ते लाकडी टेबलावर बसले होते.

एकदा माझ्याच हातून एक चूक झाली. त्याच दोलनांच्या धड्यात चुंबकीय क्षेत्रात झुलणारी चुंबकपट्टी येते. ती दाखवायला मी प्रयोगशाळेतले मोठे चुंबक काढले आणि डाव्या हातानं धरले, हातावर घड्याळ तसंच. दुसऱ्या दिवशी सकाळी वहीत लिहायला गेले तर घड्याळ चार मिनिटं पुढे. मला वाटलं काल लावताना चुकलं असेल. नीट लावलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा चार मिनिटं पुढे. पोटात गोळा आला. मग प्रयोगशाळेतली चुंबकसूची आणली आणि घड्याळ तिच्याजवळ नेलं. सूची वळली. घड्याळात चुंबकत्व शिरलं होतं. सर्पिल स्प्रिंगचे वेढे एकमेकांकडे ओढले जाऊन चिकटायला लागले की स्प्रिंगची लांबी कमी झाल्यासारखी होते, ती जास्त ताठ वागते आणि चाक भरभर फिरतं. जे सूत्र मी वर्गात फळ्यावर लिहिलं होतं तेच घड्याळात घडत होतं.

काकांकडे त्यासाठी एक छोटी निळी पेटी आहे, भिंतीतल्या विजेवर चालणारी. बटण दाबून धरायचं, घड्याळ पेटीवरून हळूहळू उचलत लांब न्यायचं आणि मग बटण सोडायचं. उलटसुलट बदलणारं क्षेत्र कमी कमी होत जातं आणि चुंबकत्व विरतं. दहा सेकंदांचं काम. त्यांनी पैसे घेतले नाहीत. घरी येऊन सूचीजवळ नेलं, सूची हलली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा १७ सेकंद. सतरा सेकंद बघून इतकं बरं वाटेल असं वाटलं नव्हतं. तेव्हापासून चुंबकाच्या कपाटापाशी जाताना घड्याळ टेबलाच्या खणात जातं. मोबाईलच्या स्पीकरवर आणि चुंबकाचं बटण असलेल्या पर्सवरही मी ते ठेवत नाही.

कापडी पट्टा पहिल्याच पावसाळ्यात कुबट व्हायला लागला. तो बदलून १८ मिलिमीटरचा चामड्याचा लावला. तो दोन वर्षांत घामानं कडक झाला. आता पुन्हा कापडी आहे, दोन आहेत, आलटून पालटून धुते. काचेवर तीन चरे आहेत. त्यातला सर्वांत लांब चरा पुरात लोखंडी कपाट उचलताना पडला.

सहाव्या वर्षी, २०२३ मध्ये, वहीतले आकडे विस्कटायला लागले. कधी ५ पुढे, कधी २० मागे. दिवसभर घालूनही रात्रीत बंद पडायचं. काकांनी ते टायमिंगच्या यंत्रावर लावलं. हे यंत्र ठोक्यांचा आवाज ऐकून पडद्यावर ठिपक्यांची रेघ काढतं. रेघ सरळ यायला हवी, ती विखुरलेली होती. चाक एका बाजूला किती अंश फिरतं तो आकडाही त्यावर येतो; निरोगी मशीनमध्ये तो अडीचशेच्या पुढे असतो, माझा १८० च्या आसपास होता. "तेल सुकलंय," काका म्हणाले. मग त्यांनी दोन पर्याय सांगितले. एक, मशीन पूर्ण खोलून धुवायचं, तेल घालायचं, पुन्हा जोडायचं. दोन, जवळपास तेवढ्याच पैशांत नवीन मशीन टाकायचं. त्याच घराण्यातलं एन-एच ३६ येतं, त्यात चावीही हातानं देता येते आणि सेकंदकाटाही थांबतो. "हल्ली सगळे तेच करतात, मॅडम. सोपं पडतंय. मलाही सोपं."

मी दोन दिवस विचार केला. व्यवहारानं बघितलं तर दुसरा पर्याय चांगलाच होता. सोमवार सकाळची खटपट वाचली असती. पण सहा वर्षांची वही याच चाकाची होती. कुठल्या बाजूला ठेवलं की हे कसं चालतं ते मला माहीत होतं. आणि काकांकडे बघून असंही वाटलं, की सगळे नवीन मशीनच टाकत गेले तर खोलून जोडणारा हात उरणार कुठे? आमचे निवृत्त झालेले एक सर अजूनही एचएमटीचं 'जनता' वापरतात. बंगळूरला १९६१ पासून सिटिझन या जपानी कंपनीच्या सहकार्यानं बनायला लागलेली ही घड्याळं. 'कांचन' नावाचं त्यांचं ऑटोमॅटिक तर एके काळी लग्नात जावयाला द्यायचं घड्याळ होतं. तो कारखाना बंद झाला तरी सरांचं 'जनता' रोज चहानंतर चावी घेतं, कारण काकांनी ते तीन वेळा खोलून जोडलं आहे. मी सांगितलं, "काका, हेच धुवा. आणि मला बघायला बसू द्या."

एका शनिवारी दुपारी बसले. रोटर निघाला, मग तो मॅजिक लिव्हर, मग स्प्रिंगचा डबा, चाकांची रांग, आणि जपून बाजूला ठेवलेलं बॅलन्सचं चाक, म्हणजे तेच झुलणारं सोनेरी चाक. काका श्वास रोखूनच ते उचलतात. एका बशीत सगळं घड्याळ सुटं पडलं होतं आणि त्या बशीत वेळ नावाची गोष्ट कुठंच नव्हती. भाग धुऊन, वाळवून, सुईच्या टोकावर तेलाचा थेंब घेऊन त्यांनी एकेक खडा ओला केला. थेंब इतका लहान की मला भिंगातूनही एकदाच दिसला. चार तासांनी शेवटी बॅलन्स बसवला. तो आपण होऊन हलला आणि चालूच राहिला. काकांनी मान वर केली नाही, नुसतं "हं" म्हणाले.

मग टायमिंगचं यंत्र. रेघ सरळ, आकडा २६० च्या वर. चाल कमी-जास्त करणारा एक छोटा दांडा असतो, तो काकांनी लाकडाच्या काडीनं जेमतेम हलवला. डोळ्यांना हललेला दिसलाही नाही. दिवसाला ६ सेकंद पुढे. "शून्यावर आणू का?" त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं. थोडं पुढे राहिलेलं बरं असतं. मागे पडणारं घड्याळ माणसाला तासाला उशिरा पोचवतं, आणि पुढचे सेकंद मला रात्री खाली उतरवता येतात.

यंदाच्या फेब्रुवारीतही सुपरव्हिजन होतं. वर्गात भिंतीवर घड्याळ नव्हतं. दर अर्ध्या तासाला मी फळ्यावर वेळ लिहीत होते. शेवटच्या अर्ध्या तासात खिडकीजवळच्या एका मुलानं हळूच विचारलं, "मॅडम, तुमचं घड्याळ बरोबर आहे ना?" मी म्हटलं, "अकरा सेकंद पुढे आहे. अकरा सेकंद जास्त आहेत तुझ्याकडे. लिही." तो खाली मान घालून लिहायला लागला.

आज रात्री चावी खाली करून ठेवलं आहे. सोमवारपर्यंत चार सेकंदांवर यायला हवं.